कोठीतल्या ट्यूबा

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे सावेडीच्या लीनाला ठाऊक होतं. पण परदेशातून ट्यूबलाइट मागवायला लागल्यावर तिला कळलं, की ट्यूब विकली म्हणजे आपण सुटलो असं नाही. आत पारा असतो. विझलेली ट्यूब परत गोळा करायची, रीसायकलरला द्यायची आणि त्याची पावती प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर चढवायची. शनिवारपर्यंत पावती चढली नाही तर आयातीची नोंदणी थांबणार आणि ट्यूबांचा नवा कंटेनर बंदरातच अडकणार. लीनाचा सगळा धंदा त्या एका कंटेनरवर होता.

तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे राहुरीजवळची, केळीची रोपं बाटल्यांत वाढवणारी प्रयोगशाळा. तिथं रोपांना उजेड द्यायला एवढ्या ट्यूबा जळतात की विझतातही ढिगानं. वर्षापूर्वी लीनानं तिथं एक लाकडी खोकं ठेवलं होतं आणि रोपं सांभाळणाऱ्या मालनबाईंना जाता जाता बजावलं होतं, की एकही फुटू द्यायची नाही, घरच्यासारखी जपायची.

शुक्रवारी ती टेम्पो घेऊन पोचली, तर खोक्यात एक मांजर पिलांसकट झोपलेलं. ट्यूब एकही नाही. मालनबाईंची त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून टेम्पो त्यांच्या वस्तीवर गेला. वाटेत लीनानं मनात जे जे जुळवलं ते इथं न लिहिलेलंच बरं.

मालनबाईंनी आधी पाणी दिलं. मग धान्याच्या पत्र्याच्या कोठीचं झाकण उघडलं. आत अर्ध्यापर्यंत बाजरी, आणि बाजरीत उभ्या रोवलेल्या ट्यूबा. प्रत्येकीला जुन्या लुगड्याची शिवलेली खोळ.

लीना आधी ओरडलीच. मग आवाज खाली आणून तिनं सांगितलं, की यातली एक जरी फुटली असती तर सगळ्या घराच्या पोटात विष गेलं असतं.

मालनबाईंचा चेहरा उतरला.

"खोकं आलं त्याच आठवड्यात मांजर त्यात व्याली, ताई, आन् तवापासून दर येळंला तिथंच. तिला कुठं हाकलू? तुमी म्हनला, घरच्यावानी जपा. आमच्या घरात दान्यापरीस जपून काय ठेवत्यात?"

लीना तिथंच उंबऱ्यावर बसली. पारा म्हणजे काय, हे आपण वर्षभरात एकदाही सांगितलं नाही, याची तिला लाज वाटली. या बाईवर तिचा विलक्षण जीव जडला, तोही त्याच क्षणी.

दोघींनी मिळून एकेक ट्यूब काढून टेम्पोतल्या गोधडीवर निजवली. चौऱ्याऐंशी भरल्या. एकीलाही तडा नव्हता. लीनाचा जीव भांड्यात पडला.

शनिवारी दुपारी पावती पोर्टलवर चढली. सोमवारी मालनबाईंचा फोन आला. कंटेनर सुटला का, हे त्यांनी विचारलंच नाही.

"माझ्या खोळी टाकल्या न्हाईत ना? म्होरल्या खेपेला लागतील."

खोळी लीनाच्या कपाटात होत्या, घडी घालून ठेवलेल्या. त्या आणि झाकणाचं नवं खोकं घेऊन उद्या येते, ती म्हणाली, आणि जुनं खोकं मांजराचंच राहू द्या.