शहाण्णव मार्क

डेलमार ह्रुस्काच्या विमा-ऑफिसात मी एकोणीस वर्षं काढली. भिंतीवरचं लायसन्स त्याचं, फ्रेम पुसायची मी. ते लायसन्स टिकवायला दर दोन वर्षांनी चोवीस तासांचा अभ्यास करावा लागतो, राज्याचा नियमच आहे. कॉम्प्युटरवर धडे वाचायचे, परीक्षा द्यायची आणि मग एका तिऱ्हाईत माणसाने सही करायची की बाबा, परीक्षा यानेच दिली, माझ्या डोळ्यांदेखत दिली.

आमच्याकडे धडे मी वाचायची, परीक्षा मी द्यायची आणि तिऱ्हाईत म्हणून सहीसुद्धा मीच ठोकायची, माहेरच्या आडनावाने. सचोटीने धंदा कसा करावा यावर तीन तासांचा वेगळा धडा असतो. तोही मीच उरकायची. हसू नका, मला तेव्हा काही वाटत नव्हतं.

"मार्लिस, मी मासे धरायला चाललोय. तेवढं ते अभ्यासाचं बघ गं," डेलमार म्हणायचा. "तीस वर्षं हेच करतोय मी. मला काय शिकवणार ते?"

आणि खरं सांगू? मला आवडायचं ते. शाळेत मी कायम मागच्या बाकावरची. इथे नव्वदच्या वर मार्क पडले की दिवसभर छाती फुगलेली असायची.

त्या वर्षी नाताळाच्या आधी यादीत पुराच्या विम्याचा धडा होता. साध्या घराच्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत, त्याचा विमा वेगळा काढावा लागतो. आणि तो आज काढला की तीस दिवसांनी लागू होतो. दारात पाणी आल्यावर काढून काडीचा उपयोग नाही. हा प्रश्न परीक्षेत दोनदा आला, दोन्हीदा माझं उत्तर बरोबर. शहाण्णव मार्क पडले. मी डेलमारला सांगायला गेले, "अहो, यात एक तीस दिवसांचं..."

"पास झालो ना? मग झालं तर," म्हणाला आणि टोपी घालून गेला.

फेब्रुवारीच्या चार तारखेला आर्डिथ कुचेरा ऑफिसात आली. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने पस्तीस वर्षं काढलेली, अर्धं गाव तिच्या हातचं जेवून मोठं झालंय. नवरा गेल्यापासून नदीकाठच्या घरात एकटीच राहायची. ते घर सोडलं तर तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

"अरे डेलमार, यंदा बर्फ फार साचलाय वरच्या अंगाला. पुराचा विमा काढून टाकावा म्हणते."

"आर्डिथबाई, नदी दगडासारखी गोठलीय हो! एप्रिलात या. पाणी चढायला लागलं की एका दिवसात काढून देतो. आत्तापासून कशाला पैसे घालवता?"

"बघ हं."

"माझ्यावर सोडा."

"सोडते बाबा. दोनदा वाढून घ्यायचास माझ्याकडून, मला काय खोटं सांगशील?"

मी तिथेच उभी होते, हातात कॉफी घेऊन. तीस दिवस, तीस दिवस, अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण मागे एकदा गिऱ्हाइकासमोर मी त्याची चूक काढली, तेव्हा तो म्हणाला होता, "लायसन्स तुझं आहे का?" साठीला आलेली बाई मी, मला या गावात दुसरं कोण ठेवणार होतं? आर्डिथ गेली की सांगू म्हटलं. मग फोन वाजला. मग शुक्रवार आला. मग माझी मीच समजूत घातली, एप्रिलला अजून अवकाश आहे, नदी कुठे पळून चाललीय!

मार्चमध्ये बर्फावर पाऊस कोसळला. बारा तारखेला आर्डिथचा घाबऱ्या घाबऱ्या फोन आला आणि डेलमारने हसत हसत तिचा अर्ज भरला. चौदाला नदीवरचा बर्फ फुटला आणि तिच्या स्वयंपाकघरात छातीएवढं पाणी शिरलं. कंपनीने एका ओळीत कळवलं, तीस दिवस झालेले नाहीत. चार फेब्रुवारीलाच काढला असता तर पुराच्या आठ दिवस आधी तो विमा लागू झाला असता.

"हे तीस दिवसांचं लिहिलंय कुठे?" डेलमारचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुमच्या धड्यात," मी म्हटलं.

दोन आठवड्यांनी मी कोंबडी घालून भाजलेले नूडल्स घेऊन आर्डिथकडे गेले. आमच्याकडे कुणी भांडं भरून आणलं की ते रिकामं परत करत नाहीत, आणि आर्डिथ तर मुळीच नाही. तिच्या दारावर लाल कागद चिकटवला होता, घर राहण्यालायक नाही म्हणून. पुतण्याने राहायला आणून दिलेल्या ट्रेलरच्या पायरीवर ती बसली होती. भांडं तिने मांडीवर घेतलं.

"माझ्या वकिलाने शोधून काढलं," ती म्हणाली. "डेलमारने पुराची परीक्षा दिली होती. शहाण्णव मार्क, मार्लिस! म्हणजे मेल्याला सगळं माहीत होतं. माहीत असून मला परत पाठवलं. घर गेलं ते गेलं, पण मी त्याला जेवू घातलंय गं!"

गप्प राहिले असते तर निभावलं असतं. पण तिच्या तोंडाकडे बघवेना.

"त्याला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"मग मार्क काय आभाळातून पडले?"

"मार्क माझे आहेत. त्याच्या परीक्षा मी देते."

तिने झाकणावरचा हात काढला.

"त्या दिवशी तू तिथेच होतीस," ती म्हणाली. "साखर किती घालू म्हणून विचारलंस मला."

"हो."

"साखर विचारलीस."

मग ती उठली आणि मांडीवरचं भांडं तिने माझ्या हातात दिलं. आर्डिथने जन्मात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नव्हतं. माझंही केलं नाही. झाकण तिने उघडलंसुद्धा नव्हतं, आतलं सगळं तसंच होतं, अजून गरम.