दुपारी एकचा कठडा

मी कळंबच्या कांताबाईंच्या अंगणातला लोखंडी कठडा बोलतोय. हसू नका, माझं चौथीपर्यंत शिक्षण झालंय. आधी मी शाळेच्या झोपाळ्याची आडवी दांडी होतो, बरोबर चौथीच्या खिडकीखाली. तेराचा पाढा अर्धाच येतो. पुढचा यायच्या आत सुटी व्हायची. एकदा कोणी नाही असं पाहून गुरुजी झोपाळ्यावर बसले. मी असा करकरलो की सारी शाळा बाहेर आली.

झोपाळा मोडला तसा मी लोहारा गावच्या रामसिंग वेल्डरकडे पोचलो. त्यानं मला चार पाय जोडले आणि या अंगणात भिंतीला धरून सिमेंटात पक्कं रोवलं. लांबी आठ पावलं. ही पावलं कांताबाईंच्या सुनेची, सुरभीची.

सुरभीला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. हे नाव मला म्हणता येत नाही, आणि कांताबाईंना म्हणायचं नाही. डोक्यातून निघालेला निरोप पायापर्यंत पोचताना वाटेत गळतो, एवढं मला समजलं. यवतमाळहून मैत्रेयी मॅडम दर आठवड्याला व्यायाम शिकवायला येतात. मला धरून चार पावलं, मग खुर्चीवर दम घ्यायचा, मग पुन्हा चार. तेही सकाळच्या थंडाव्यात, मानेवर ओलं फडकं ठेवून. अंग तापलं की या आजारात पाय आणखीच ऐकेनासे होतात.

कांताबाईंनी यातलं एवढंच पाहिलं, की सून सकाळी सातला चालते आणि दुपारी पोळ्या करायच्या वेळी लटपटते. "कामाची येळ झाली का हिचे पाय जातेत," असं त्या साऱ्या आळीत सांगून आल्या. सुरभीला धरायला जागा राहू नये म्हणून रोज पहाटे माझ्यावर ओल्या गोधड्या टाकायच्या; सुरभी त्या बाजूला सारून मला धरायची. मीही काही साधू नाही. एकेका गोधडीला गंजाचा डाग दिला.

मे महिन्यात त्यांनी अंगणातच घरच्यांची बैठक बोलावली. सुरभीला कायमचं माहेरी, राजूरला धाडायचं ठरवायला. निकाल देणार होते त्यांचे थोरले दीर सदाशिवराव. सुरभी म्हणाली, सकाळी या, चालून दाखवते. कांताबाईंनी मुद्दाम दुपारी एकची वेळ दिली. सुरभीचा नवरा अंकुर मोबाइलात तापमान पाहत बसला. चव्वेचाळीस होतं. बोलला मात्र कोणाजवळ नाही.

सुरभीनं माझ्यावर ओलं फडकं टाकलं, त्यावरून मला धरलं आणि दोन पावलं टाकून खाली बसली.

"पाहा भाऊजी, नाटक," कांताबाई म्हणाल्या. "अन् हे फडकं कायले पाह्यजे? असं धरा अन् चाला." त्यांनी फडकं फेकलं आणि दोन्ही हातांनी मला घट्ट पकडलं.

बैठकीसाठी गोधड्या काढलेल्या, त्यामुळे मी आठ वाजल्यापासून उघडा उन्हात तापत होतो. फार दिवसांनी मनासारखी खोडी घडली, आणि तीही जागचं न हलता. कांताबाई हात झटकत सुनेशेजारीच मातीत बसल्या. सदाशिवरावांनी हसू मिशीत दाबलं.

सुरभी हळूच म्हणाली, "आत्याबाई, सकाळी थंडा असते हा कठडा. दुपारी धरवत नाही. तो बी नाटक करून राह्यला काय?"

सदाशिवराव उठले, उद्या सातला येतो म्हणाले, आणि आले. सुरभी आठ पावलं गेली, बसली, आठ परत आली. तोंड पांढरं पडलं, पण मला सोडलं नाही. पोरगी इथंच राहील, एवढं बोलून ते चहा न घेता गेले.

कांताबाई निवळल्या असतील, असं वाटतंय ना तुम्हाला? छे. तळहाताचे फोड फुंकत त्यांनी भंगारवाल्याला निरोप धाडलाय. सून जात नाही तर कठडा जाईल, आणि मग ती चालते कशी ते पाहू, म्हणतात.

तर वाचकहो, हाताला गंज लागेल म्हणून नमस्कार लांबूनच. फक्त एक विनंती भंगारवाल्याला पोचवा. त्यानं जरूर यावं. दुपारी एकला यावं, उघड्या हातांनी.