ज्या कपाटाची किल्ली नगरपालिकेकडे नव्हती

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमच्या पोटात एका आजीचा आवाज आहे. तिचा शब्द न् शब्द आहे, मधला खोकलासुद्धा आहे. पण तुम्हाला स्वतःहून तोंड उघडता येत नाही. कुणीतरी बटण दाबावं लागतं, आणि नऊ वर्षांत ते कुणी दाबलेलं नाही.

आता डोळे उघडा. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे.

माझा जन्म कारखान्यातला, पण त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मल्गा बेंड गावच्या नगरपालिकेचं सभागृह. सभेत कोण काय बोललं, ते टिपायला मला आणलं होतं. बारा वर्षं मी गटारं, मोकाट कुत्री आणि कचऱ्याच्या गाड्या यांवरचे वाद ऐकले. यंत्र चोख आहे, असं सगळे म्हणत. मग नवी यंत्रं आली आणि मी खालच्या ग्रंथालयात, खोक्यांच्या मागे जाऊन पडलो.

तिथून मला ग्रंथपाल ग्लेनिसने बाहेर काढलं. या भूमीच्या मूळ रहिवाशांची भाषा त्यांच्या मुलांना शिकता यावी म्हणून नगरपालिकेने दर गुरुवारी ग्रंथालयाची मागची खोली द्यायचं ठरवलं होतं. ती भाषा अस्खलित बोलणारी गावात एकच बाई उरली होती. तिचं नाव मी सांगणार नाही. तिच्या लोकांत गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, त्याचा फोटो झाकतात, त्याचा आवाज ऐकत नाहीत. घरचे हो म्हणतील तेव्हाच ते पुन्हा उघडतं. मी तिला आजीच म्हणतो.

पहिल्या गुरुवारी आजी आली ती नातवाचा, व्हर्नचा, हात धरून. व्हर्नच्या काखेत त्याची सहा महिन्यांची लेक लेटी होती.

"माझ्या आईला या इमारतीची पायरी चढू देत नव्हते," आजी खुर्चीत टेकत म्हणाली. "आणि आता मला बिस्किट देतात. तेही सादळलेलं."

"आंटी, पुढच्या वेळी ताजी आणते," ग्लेनिस ओशाळून म्हणाली.

"आण. चहापण जरा कडक कर. माझी भाषा काय फुकट आहे?"

वर्षभर मी तिला पोटात साठवत गेलो. पाहुण्यांचं आपल्या भूमीवर स्वागत करतानाचे पूर्ण बोल तिने एका गुरुवारी सांगितले. मध्येच लेटी रडायला लागली, तर आजी थांबून तिच्याशी त्याच भाषेत बोलत बसली. ग्लेनिस मला थांबवायला धावली. आजी म्हणाली, "असू दे. पोरीलाही राहू दे त्यात."

त्या हिवाळ्यात आजी गेली.

अकराव्या दिवशी नगरपालिकेसमोर मूळ रहिवाशांचा झेंडा चढवायचा होता. ग्लेनिसला वाटलं, आजीचा मान राखायचा तर तिचाच आवाज घुमायला हवा. विचारावं, हे तिला सुचलं नाही. तिने मला कर्ण्याला जोडलं. आजीचा आवाज मैदानावर गेला आणि तिच्या घरच्यांनी कान झाकले. कुणी ओरडलं नाही. खुर्च्या सरकल्या आणि ती सगळी माणसं निघून गेली. मला त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या चोख असण्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ग्लेनिस मला घेऊन व्हर्नच्या दारात उभी राहिली. सोबत नगराध्यक्ष होते.

"चुकलं आमचं," ती म्हणाली. "हा आवाज तुमचा आहे. तुमच्याकडेच ठेवा."

व्हर्नने वळून घरात पाहिलं. "घरात चार पोरं आहेत. कुणीतरी बटण दाबेल. कपाट तुमचं असू दे. किल्ली मला द्या."

तसं झालं. नगरपालिकेच्या इमारतीत एक कपाट आहे, त्याची किल्ली नगरपालिकेकडे नाही. एकदा रंगकाम निघालं, तेव्हा नवा साहेब कुलूप तोडायला निघाला होता. ग्लेनिस कपाटाला पाठ लावून उभी राहिली. "किल्ली मागून आणा. नाही दिली, तर कपाटाभोवतीनं रंगवा." आजही कपाटामागे जुना हिरवा रंग आहे.

आत अंधार होता. दर गुरुवारी शेजारच्या खोलीत मुलं धडे गिरवत. आजीने शिकवलेले शब्द दरवर्षी थोडे थोडे कमी होत चाललेले मला ऐकू येत. मी आतून काय सांगणार? व्हर्न त्या इमारतीत पुन्हा आला नाही. दुःखाचे दिवस केव्हाच संपले होते, पण त्याचा धीर होत नव्हता.

मग नदीवर नवा पूल झाला. उद्घाटनाला आजीच्या घरच्यांपैकी कुणी त्यांच्या भाषेत स्वागत करावं, अशी विनंती करायला नगरपालिकेची माणसं या वेळी आधी व्हर्नच्या घरी गेली. व्हर्नला ते बोल निम्मेच येत होते.

"निम्मं स्वागत केलं तर पाहुणे पुलाच्या मध्यावरच थांबतील, बाबा," लेटी म्हणाली म्हणे.

काल कपाट उघडलं. समोर दहा वर्षांची लेटी, हातात किल्ली. ग्लेनिसने माझं झाकण काढलं आणि तिचा चेहरा पडला. न वापरल्याने माझा रबरी पट्टा चिकट होऊन विरघळला होता. तशीच टेप फिरवली असती, तर आजीचा आवाज गुंतून तुटला असता. दुपारभर तिने कापसाने मला पुसलं, नवा पट्टा चढवला. मित्रांनो, जपणं म्हणजे नुसतं कुलूप लावणं नव्हे, हे मला तेव्हा कळलं. तुमच्या घरात एखादी आजी जुन्या बोलीत बोलत असेल, तर तिच्यापाशी बसा. मात्र आधी विचारा.

लेटीने बटण दाबलं. जरा खरखर झाली, आजी खोकली, मग स्वागताचे बोल सुरू झाले. मध्येच एक बाळ रडलं आणि आजी त्याला समजावू लागली.

"हे कोण रडतंय?" लेटीने विचारलं.

"तू," ग्लेनिस म्हणाली.

लेटीने मला थांबवलं. खिडकीबाहेर, निलगिरीच्या झाडाखाली व्हर्न टोपी हातात धरून उभा होता. आत यायला त्याचे पाय उचलत नव्हते. लेटीने त्याला हाक मारली नाही. तिने खिडकी सताड उघडली, मला उचलून काठावर ठेवलं, माझं तोंड झाडाकडे फिरवलं, टेप सुरुवातीला नेली आणि आपल्या बाबांकडे बघत राहिली. त्याने हळूच मान हलवली, तेव्हा तिने पुन्हा बटण दाबलं.