भैरणीचा घाट, रिव्हर्समध्ये

भैरणीचा घाट त्या उन्हाळ्यात फक्त डिझेलच्या गाड्यांसाठी लांबायला लागला. बॅटरीच्या ट्रकला तो पूर्वीसारखाच नऊ किलोमीटरचा होता. डिझेलच्या गाडीला सोमवारी चौदा भरला, मंगळवारी एकोणीस. गाडी जितकी जुनी तितका घाट लांब, हेही लोकांच्या लवकरच लक्षात आलं.

विजयमाला घोडके यांची लॉरी सत्तावन्न सालची होती. लांब नाकाची, लाकडी केबिनची, वडिलांनी घेतलेली. वडिलांची, म्हणजे तात्यांची, नजर गेली तेव्हा मालाताई एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांनी स्टिअरिंग धरलं ते आता एकसष्टाव्या वर्षापर्यंत सोडलं नव्हतं. माल वाहणं दहा वर्षांपूर्वी थांबलं, पण लॉरी दर रविवारी धुतली जायची आणि दर वर्षी एकदा घाट चढायची. कुरणवाडीत जुन्या लॉऱ्यांचा नाद असलेले सात जण होते. सातही गाड्या ओळीने घाटमाथ्यावर जायच्या, तिथे सगळे चहा प्यायचे, एकमेकांच्या बोनेटमध्ये डोकं घालून वाद घालायचे आणि परत यायचे.

त्या वर्षी बुधवारी सातांतले दस्तगीर नदाफ रस्ता बघून येतो म्हणून आपली गाडी घेऊन एकटेच पुढे गेले. शुक्रवारपर्यंत ते चढतच होते.

"कुठं पोचलात, दस्तगीरभाई?" मालाताईंनी फोनवर विचारलं.

"तीनशे बारावं वळण चाललंय. हवा चांगली आहे. डिझेलचा काटा हलत नाही, पाण्याचा काटा हलत नाही. मी एकटाच हलतोय."

त्याच दिवशी घाटाच्या कचेरीने फाटकावर नोटीस लावली. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत जी गाडी घाट पार करणार नाही, ती कधी बनलीच नव्हती असं धरण्यात येईल. सातांतल्या उरलेल्या पाच जणांनी नोटीस वाचली, घरी जाऊन गाड्यांवर ताडपत्री टाकली आणि दुपारपर्यंत ताडपत्रीखाली काय आहे ते त्यांना सांगता येईना. त्यातल्या एकाने मालाताईंना विचारलंसुद्धा, की माझ्या अंगणात ही एवढी मोठी घडी कसली पडली आहे.

मालाताई कचेरीत गेल्या. साहेब तरुण होते, नीटनेटके होते. टेबलाला टेकून दांडीच्या टोकाला चाक लावलेलं मोजमापाचं यंत्र उभं होतं.

"घाट कोण वाढवतंय?"

"कोणी वाढवत नाही. तो वाढतो. आम्ही मोजतो."

"मग मागे सरकून मोजा."

"आमचं चाक पुढेच फिरतं, बाई." साहेबांनी खुर्ची पुढे केली. "तुम्ही बसा ना. तुमच्या गाडीचं नाव काय म्हणालात?"

मालाताईंनी नाव सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं. लिहिलेली ओळ शेवटाकडून पुसट होत गेली आणि अक्षर अक्षर करत नाहीशी झाली. साहेबांनी पुन्हा नम्रपणे विचारलं, "नाव काय म्हणालात?"

मालाताई बसल्या नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरचा फोटो पाहिला. फोटोत तात्या फेटा बांधून उभे होते. एक हात कमरेवर होता आणि दुसरा हात त्यांनी हवेवर टेकवला होता. हाताखाली बोनेट नव्हतं. मागचा पिंपळ आरपार दिसत होता. तात्यांच्या चेहऱ्यावर मात्र तोल सांभाळण्याची धडपड दिसत होती. इतकी वर्षं टेकलेला माणूस अचानक आधाराशिवाय उभा राहिला की होते तशी. मालाताईंनी फोटो खाली उतरवून भिंतीला टेकवून ठेवला, म्हणजे निदान तात्यांच्या पाठीला तरी काही असेल. मग त्या अंगणात गेल्या आणि ऑइल बघितलं.

शनिवारी सकाळी सात वाजता त्यांनी लॉरी काढली. फाटकाशी शीतल वाघमोडे भेटली. सव्वीस वर्षांची ही मुलगी बॅटरीचा ट्रक चालवायची. त्या ट्रकला नाक नव्हतं, पुढून तो कपाटासारखा सपाट होता. उभा असला की तो चालू आहे का बंद, हे फक्त तिलाच कळायचं.

"काकू, नका जाऊ," शीतल म्हणाली. "मी रोज चार फेऱ्या करते. मला नदाफचाचा रोज तिसऱ्या वळणावर दिसतात. त्यांना वाटतं ते तीनशेव्या वळणावर आहेत."

"मग तू त्यांना सांगत का नाहीस?"

"सांगते. ते हात हलवतात. आवाज पोचत नाही. माझ्या गाडीचाही नाही, माझाही नाही."

"तुझी गाडी चांगली आहे ग," मालाताई म्हणाल्या. "धूर नाही, खडखड नाही, कंबर धरत नाही. उद्या सगळा माल हीच वाहणार, आणि वाहावा. पण उद्या येतंय म्हणून काल मी गाडी चालवलीच नव्हती, असं मी कुणाला म्हणू देणार नाही."

शीतल आपल्या सपाट ट्रकच्या काचेवरून बोट फिरवत उभी राहिली. "हिची बॅटरी आठ वर्षांची आहे, काकू. मग हिलाही घाट लांबेल."

"म्हणून म्हणते," मालाताई म्हणाल्या आणि त्यांनी पहिला गिअर टाकला.

पहिली दोन वळणं नेहमीची होती. तिसऱ्यापासून त्यांना दिसायला लागलं. रस्ता आधीपासून लांब नव्हता. तो त्यांच्या गाडीच्या नाकातून निघत होता. चाक वीतभर पुढे गेलं की नाकाच्या टोकाशी वीतभर ताजं डांबर उलगडायचं, त्यावर पांढरा पट्टा आधीच मारलेला, कडेला कठडा, कठड्यापलीकडे करवंदीची जाळी. गाडी थांबली की डांबर थांबायचं. गाडी निघाली की तेही निघायचं. मालाताईंनी दोनदा थांबून खात्री करून घेतली. घड्याळात अकरा वाजले, दोन वाजले. गाडी गरम झाली नाही. त्यांना भूकही लागली नाही. याचाच त्यांना जास्त राग आला.

साडेतीन वाजता एका रुंद वळणावर दस्तगीरभाईंची गाडी दिसली. दस्तगीरभाई मडगार्डवर बसून पेरू खात होते. बुधवारपासून तोच पेरू होता.

"या, मालाताई. कितवं वळण म्हणता तुम्ही हे?"

"तिसरं."

दस्तगीरभाईंनी पेरू खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज साधाच होता. "मी तीन दिवस गिअर बदलतोय. खांदा भरून आलाय माझा."

"भाई, चिखलात गाडी रुतली आणि पहिल्या गिअरला ओढेना, तर तुम्ही काय करायचा?"

"उलटी घालायचो. रिव्हर्सला जोर जास्त."

"हा घाट नाकापुढं वाढतो. शेपटीमागं वाढत नाही."

दस्तगीरभाईंनी आपल्या गाडीच्या नाकाकडे पाहिलं, मग शेपटीकडे. उठून त्यांनी विजार झटकली.

जुनी लॉरी घाटात वळवायची तर निम्मा रस्ता दरीकडून मागून घ्यावा लागतो. मालाताईंनी अर्धं वळण घेतलं, आणि त्याच वेळी वरून शीतलचा ट्रक उतरत आला. आवाज नव्हता. तिने पाहिलं, आणि आपला ट्रक रस्त्यात आडवा लावला. मागे बॅटरीच्या गाड्यांची रांग लागली. कुणीतरी उतरून तिला कारण विचारलं. ती म्हणाली, "जागा देतेय." दोन्ही लॉऱ्या वळेपर्यंत ती जागची हलली नाही.

आता नाक खाली सपाटीकडे होतं आणि शेपूट माथ्याकडे. मालाताई वरच्या बाजूला होत्या, दस्तगीरभाई त्यांच्या खाली. मालाताईंनी दार उघडं ठेवलं, एक पाय फुटबोर्डवर टाकला, मान मागे वळवली आणि रिव्हर्स टाकला. जुना, सरळ दातांचा गिअर. तो जात्यासारखा ओरडतो. तो आवाज डोंगराला लागून परत आला, आणि मागच्या वळणावरचे दोन दगड कठड्यातून निखळून पडले.

घाट खरंच फसला. डांबर आता नाकासमोर, म्हणजे खालच्या अंगाला निघायला लागलं. घाटाचा पायथा लांब गेला. कुरणवाडी लांब गेली. दस्तगीरभाईंच्या लॉरीच्या मागच्या फळीवरून मालाताईंना समोर दिसत होतं, की गाव आणि घाट यांच्यामध्ये नवी शेतं उलगडताहेत. त्यांत कोणी राहत नव्हतं. पाण्याची टाकी आधी बोटाएवढी झाली, मग टाचणीएवढी.

"मालाताई," दस्तगीरभाई खालून ओरडले, "परत कसं जायचं?"

"आधी पोचू द्या की."

वळणं मात्र खरी होती. चौथं, पाचवं, सहावं. सातव्या वळणावर साहेब भेटले. ते मोजायचं चाक घेऊन लॉरीच्या बरोबरीने चालायला लागले. चाक उलटं फिरत होतं.

"बाई, आकडा उतरतोय," ते म्हणाले.

"उतरू द्या."

"शून्याच्या खाली काय लिहायचं ते आम्हाला सांगितलेलं नाही."

"मग कोरं ठेवा."

साहेब लॉरीच्या नाकापुढे सरकून चालत राहिले. कठडे आता आत सरकत होते. मालाताईंनी पाय आत घेतला आणि दार ओढून घेतलं. उजवा आरसा खडकाला घासून मुडपला. डावा करवंदीत गेला आणि तिथेच राहिला. लाकडी केबिनची फळी एकदा करकरली. मालाताईंनी क्लच सोडला नाही, दाबलाही नाही. त्यांची मान दुखून बधिर झाली होती. पाचला चार मिनिटं होती. नवव्या वळणानंतर रस्ता लॉरीएवढाच रुंद राहिला, मग लॉरीपेक्षा बोटभर कमी. लॉरी त्यातूनही गेली. दोन्ही बाजूंचा रंग खरवडून निघाला आणि खाली तात्यांच्या काळातला निळा रंग दिसायला लागला.

"एक," साहेब म्हणाले. "बाई, शून्य."

मागची चाकं माथ्यावर चढली. शेपूट पलीकडे झुकलं आणि नाक हळूहळू वर उठलं. काचेतून आधी गाव गेलं, मग नवी शेतं, मग दस्तगीरभाईंची फळी. उरलं ते बोनेट आणि पांढरं, स्वच्छ आभाळ. मागे वळून बघितलं तर उताराच्या कडेपलीकडचं काही दिसत नव्हतं.

त्या कडेपलीकडून कुणीतरी लॉरीच्या मागच्या फळीवर दोनदा थाप मारली आणि हाक दिली. आवाज ओळखीचा नव्हता.

"येऊ द्या," तो म्हणाला, गाडी मागे घेताना क्लीनर म्हणतो तसं. "येऊ द्या, येऊ द्या."

मालाताईंनी क्लचवरचा पाय तसाच ठेवला, आणि लॉरी मागे सरकत राहिली.