घासलेला क्रॉस

"हलतोय," ट्रकखालून ती म्हणाली.

"हलणार कसा? मी स्वतः बसवलाय तो," नवरा स्टुलावरून गुरगुरला.

इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब शाफ्ट तिने पुन्हा दोन्ही हातांनी पिळून पाहिला. सांध्यातला पोलादी क्रॉस खट्‌कन वाजला. आवाज नवऱ्यालाही ऐकू गेला असणार. पण अर्धांगाचा झटका येण्यापूर्वी त्याने केलेले ते शेवटचे काम होते, आणि माणूस आपल्या शेवटच्या कामाविरुद्ध सहजासहजी साक्ष देत नाही.

संध्याकाळी धाकटा दीर भंगारवाल्याला आणणार होता. त्याआधी ट्रक स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर पडला, तरच तो भंगारात जाण्यापासून वाचणार होता. "चालवणार कोण?" दिराने हसून विचारले होते. "मी. लायसन्स दाखवू?" असे ती म्हणाली, तेव्हा त्याचे हसू ओठांतच जिरले होते.

शाफ्ट पुन्हा तसाच बसावा, नाहीतर गाडी हिवताप भरल्यासारखी थरथरते, म्हणून तिने जोडावर खडूने खुणा केल्या, बोल्ट काढले आणि क्रॉस ठोकून बाहेर काढला. बेअरिंगच्या बारीक सुयांचा तांबूस भुगा तळहातावर सांडला. क्रॉसवर नखाला लागतील असे चरे होते. तिने तो नवऱ्यापुढे धरला.

त्याने चऱ्यांवरून नख फिरवले. "म्हणजे माझं काम वाया गेलं."

"वाया कसं? राबलं म्हणून घासलं. नुसतं बसून राहिलं की गंज चढतो."

"टोमणा मारतेस?"

"मारतेच. या खाली. नवा क्रॉस घातला, की शाफ्टला खांदा द्यायचाय."

तो स्टुलावरून उतरून कुशीवर सरपटत ट्रकखाली आला. नवा क्रॉस बसवून ती बोल्ट लावत असताना चाकांपलीकडे बुटांच्या दोन जोड्या थांबल्या.

"वहिनी, बाहेर या. हे गाडी बघायला आलेत."

"बघू देत. बघायला पैसे पडत नाहीत."

"दादा, तू तरी शहाणा हो. मातीत काय लोळतोस?"

शाफ्टचा भार दादाच्या खांद्यावर होता आणि त्याखाली बायकोचा चेहरा. "वजनावर न्यायचाय ना?" तो ओरडला. "मग काटा आण. आम्हा दोघांनाही त्यात धर!"

भंगारवाल्याच्या बुटांची जोडी फाटकाकडे वळली. दिराची तिथेच घुटमळली. तिने बोल्टवर पाना चढवला, आणि नवऱ्याने खांदा आणखी वर रेटला.