रिकामा चॅनेल

नाव
नव्या वाय-फायचं नाव जावईबापूंनी ठेवलं 'वाघ'. जावईबापू म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. आमच्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही, कारण सासूबाईंनी बाहेर जायला दारच ठेवलेलं नाही.

यंत्र
चार आठवडे ते राउटर निवडत होते. मुलगी बघायला आलेले लोकही इतक्या चौकशा करत नाहीत. मेमरी किती, चिप कुठली, अँटेना किती. एवढं करून आणला तो कोणीतरी वापरून कंटाळलेला. त्यातलं कंपनीचं सॉफ्टवेअर पुसून त्यांनी जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर भरलं.

"वहिनी, आता हा कंपनीचा गुलाम नाही."

"भाऊजी, शुक्रवारी अकराला माझी चाचणी आहे. त्यानंतर करा की त्याला स्वतंत्र."

"अहो, चाचणीसाठीच तर करतोय."

"जुना चालतोय."

"चालतोय," सासूबाई म्हणाल्या, "पण जावईबापू एवढे राबतायत तर तुझं काय जातंय?"

काय जातंय
मी सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. इस्पितळात कर्णबधिर रुग्ण आला की मी पडद्यावरून डॉक्टरचं त्याला आणि त्याचं डॉक्टरला सांगते. सहा वर्षं मी तासा-तासाच्या कामासाठी फोनकडे बघत बसले. चाचणीत उतरले तर कायमची जागा. अट एकच मोठी : चित्र सलग तीन मिनिटं गेलं तर बाद, पुन्हा वर्षभराने या. आमच्या कामात आवाज गेला तरी निभतं. चित्र गेलं की संपलं.

चॅनेल
वाय-फायला हवेत वेगवेगळ्या वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. जावईबापूंनी शेजारपाजाऱ्यांचे सगळे चॅनेल मोजले. एका वाटेवर अकरा घरं, दुसरीवर नऊ. मग त्यांना एक वाट सापडली जिच्यावर चिटपाखरू नव्हतं.

"बघा. अख्ख्या इमारतीत एकालाही अक्कल नाही."

ही वाट रिकामी का, हा प्रश्न त्यांना पडला नाही. आमच्या गॅलरीतून समोरच्या टेकडीवरचा पांढरा गोळा दिसतो. आत हवामानाचं रडार आहे. ती वाट आधी त्याची. रडार बोललं की राउटरने गप्प बसायचं आणि पुन्हा तिथे यायचं तर आधी दहा मिनिटं कान लावून ऐकायचं, असा नियम. सॉफ्टवेअरने हे चॅनेलच्या शेजारीच लिहिलं होतं. सॉफ्टवेअर बिचारं सज्जन. राउटरला दुसरीकडे हलायची मुभाही होती. जावईबापूंनी तीही काढून घेतली होती, म्हणजे वाघ भटकायला नको.

शुक्रवारी सकाळी दोनदा नेट गेलं.

"सेट होतोय," ते सोफ्यावरून म्हणाले.

लॉग
११:०० चाचणी सुरू. मी आतल्या खोलीत, मागे कोरी भिंत. तशीच हवी असते.
११:१४:०७ रडार आढळलं. प्रसारण बंद.
११:१४:०८ पडद्यावर कर्णबधिर परीक्षक. पेशंट झालेल्या त्या बाईंचा हात छातीपाशी गोठलेला. छातीत दुखतंय की जळतंय, कळायला मार्ग नाही.
११:१४:३० मी बाहेर. जावईबापू राउटरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, वाचतायत. "इंटरेस्टिंग," म्हणतायत.
११:१४:५० "किती वेळ?" "दहा मिनिटं. नियम आहे, वहिनी." हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा नियम पाळत होता.
११:१५:२० "मग चॅनेल बदला." "पण बाकी सगळीकडे गर्दी आहे हो."
११:१५:२१ मी आतून लॅपटॉप उचलून आणला. सासूबाई समोर होत्या.
११:१५:४० चपलांच्या कपाटावर राउटर. त्याच्या खोक्यात हातभर तार. तिचं एक टोक राउटरमध्ये, दुसरं माझ्या लॅपटॉपमध्ये. तारेला ना चॅनेल, ना रडार.
११:१६:४७ चित्र आलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. परीक्षक बाईंनी खुणेने विचारलं, काय झालं? मी एकच खूण केली : जावई. त्यांनी ओठ दाबले आणि छातीत जळतंय, तिथून पुढे चालू केलं.

पुढची पंचवीस मिनिटं मी जमिनीवर मांडी घालून, मागे छत्र्या आणि सासऱ्यांचे बूट घेऊन काम केलं. जावईबापू दोनदा माझ्या डोक्यावरून वाकून दिवे बघून गेले.

निकाल
भाषा : उत्तम. पार्श्वभूमी : असमाधानकारक. निवड झाली.

सासूबाईंनी त्यांच्या बहिणीला फोन लावला. "जावईबापूंनी नवं मशीन बसवलं, आणि आठवडा नाही झाला तर सूनबाईला नोकरी लागली." पलीकडून बराच वेळ कौतुक चाललं असावं.

दुसऱ्या दिवशी मी वीस मीटर तार आणली. चपलांच्या कपाटापासून हॉलच्या भिंतीने माझ्या खोलीपर्यंत ती खिळ्यांनी ठोकायला लागले.

"अगं, किती वाईट दिसतंय. जावईबापूंना काय वाटेल?"

"आई, खिळे संपले."

सासूबाई आत जाऊन खिळ्यांचा डबा घेऊन आल्या, माझ्या हातात दिला आणि मागून म्हणाल्या, "तो तिसरा वाकडा गेलाय. काढ आणि परत मार."