गॅसला दिलेला वास

मी एक जुना वास आहे. कुजलेली अंडी आणि सडका कोबी यांच्या मधला कुठलासा. मित्रांनो, गॅसबरोबर मी आज घरोघरी जातो, पण माझं गाव टेक्सासमधलं, तेलविहिरींच्या रांगेतलं.

तेलाबरोबर वर येणाऱ्या गॅसला रंग नसतोच, तेव्हा वासही नव्हता. जवळजवळ फुकट मिळे, म्हणून शाळेनेही घेतला. एका दुपारी तळघरातली नळी गळू लागली. वर मुलं शुद्धलेखन लिहीत होती. खाली गॅस साठत होता आणि कुणालाच कळलं नाही. कळावं असं त्याच्यापाशी काही नव्हतंच. एक ठिणगी पडली आणि शाळा उचलली जाऊन खाली कोसळली. त्या आठवड्यात गावातल्या सुतारांनी दुसरं काही केलं नाही, फक्त लहान लहान शवपेट्या केल्या.

मग ठरलं, बिनवासाचा गॅस कुणी विकायचा नाही. तेव्हापासून मला गॅसमध्ये मिसळू लागले. अत्तरं निवडतात ती लोकांना आवडावीत म्हणून. मला निवडलं ते कुणाला सहन होऊ नये म्हणून! हा मान दुसऱ्या कुठल्या वासाला मिळाला असेल तर सांगा. त्या मुलांना मात्र माझा उपयोग झाला नाही. मी त्यांच्यानंतर जन्मलो.

पण तेलगावची माणसं मोठी वस्ताद. घाण वास आला की छाती भरून घेतात आणि म्हणतात, "हा तर पैशाचा वास!" इतक्या श्रीमंतीत माझ्याकडे कोण बघणार?

आताची शाळा म्हणे फार सुरक्षित. फाटकावर कॅमेरे, दारांना कुलुपं. बंदूक घेऊन कुणी शिरला तर अंधारात मुकाट कसं बसायचं, हे पहिलीतल्या पोरांनाही पाठ आहे. बिचाऱ्यांना ते शिकावं लागतं, याचं मलाही वाईट वाटतं. पण उठून बाहेर कधी पळायचं, हे मात्र शिकवायचं राहून गेलं.

त्या मुलांच्या यंदाच्या स्मृतिदिनी सगळी शाळा सभागृहात जमली होती. पलीकडे स्वयंपाकघरात नळीचा सांधा सुटला आणि मी कामाला लागलो. पहिल्या रांगेत पोचलो.

"हॅरल्ड, तू बूट काढलेस का?" एका बाईने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"गप गं. पैशाचा वास आहे तो."

मुख्याध्यापक ड्वेन हार्गिस यांना पाहुण्यांपुढे लाज वाटली. ते हळूच भिंतीपाशी गेले आणि मोठ्या पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मला फक्त घाण मारता येते. मी होता नव्हता तेवढा जोर लावला.

व्यासपीठावर ओपलमावशी भाषणाला उभ्या होत्या. वय पंचाण्णव, कान मंदावलेले. जुन्या शाळेच्या त्या स्फोटात त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. त्या बोलता बोलता थांबल्या. नाक वर केलं.

"ड्वेन! हात काढ त्या बटणावरून!"

"मावशी, जरा हवा खेळती करतो. तुमचं भाषण..."

"भाषण गेलं खड्ड्यात! गॅस आहे हा. पोरांनो, उठा. कशाला हात लावू नका, मैदानात चला. जे बोलायचंय ते मी बाहेर बोलेन."

"पण मागची दारं बंद ठेवायचा नियम आहे..."

"अरे, नियम आत ठेव आणि पोरं बाहेर काढ!"

ड्वेनने एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा पोरांकडे. मग किल्ल्या काढल्या आणि शेवटचं पोर जाईपर्यंत तो दार धरून उभा राहिला. मग त्यानेच बाहेरून गॅसवाल्यांना फोन लावला. नळी तपासून ते एवढंच म्हणाले, "पंखा लावला नाहीत, बरं केलंत."

मित्रांनो, मी आलो की मला उदबत्तीखाली झाकू नका, नंतर बघू म्हणू नका. दारं उघडा, बटणांना हात लावू नका, बाहेर पडा. आणि तुमच्या शाळेची मागची दारं उघडतात का, ते उद्याच मोठ्यांना विचारा. ते चिडले तरी विचारा.

त्या दिवशी मैदानात सगळी शाळा उन्हात उभी होती. एकूण एक पोर नाक चिमटीत धरून "शीऽऽ!" करत होतं. एवढा मोठा सत्कार माझा कधी झाला नव्हता.